हत्यारबंदीपासून शस्त्रनियमनापर्यंत
सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात शस्त्रविषयक कायद्याची वाटचाल

शस्त्र कोणी बाळगावे, ते कोणत्या कारणासाठी बाळगावे आणि त्याच्या वापराबद्दल कोणाला जबाब द्यावा, हे तीन प्रश्न प्रत्येक सुसंघटित राज्याला सोडवावे लागतात. भारतात या प्रश्नांची उत्तरे गेल्या सुमारे एकशे सत्तर वर्षांत मुळापासून बदलली आहेत. परकीय राजवटीने या देशातील प्रजेच्या हातातील हत्यार काढून घेण्यासाठी कायदा केला. स्वतंत्र भारताच्या संसदेने तो रद्द करून नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी नवा अधिनियम आणला. या दोन्ही कायद्यांत परवाना आहे, तपासणी आहे आणि शिक्षाही आहे. त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास ते सारखेच वाटण्याचा संभव आहे. तथापि त्यांचा हेतू परस्परविरुद्ध आहे. हा फरक समजून घेण्यास सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतका उद्बोधक प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. कारण या प्रदेशाने पहिल्या कायद्याचा जाच सोसला, त्याला आव्हान दिले आणि आज दुसऱ्या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारीही तो पेलत आहे.

हत्यारबंदीचा आरंभ

सातारचे राज्य १८४८-४९ मध्ये खालसा झाले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत १८५७ चा उठाव झाला. सातारच्या छत्रपतींची बाजू इंग्लंडमध्ये मांडणारे रंगो बापूजी यांच्या प्रेरणेने साताऱ्यातही उठावाची तयारी चालली होती. ती उघडकीस आल्यावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी सातारच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन देण्यात आले. काहींना फाशी दिले, काहींना गोळ्या घातल्या आणि काहींना तोफेच्या तोंडी दिले. शहराजवळील टेकडीवरचे ‘चार भिंती’ हे स्मारक १८५७ च्या हुतात्म्यांची आठवण आजही जागती ठेवते.

त्याच वर्षी कंपनी सरकारने शस्त्रे व दारूगोळा यांची आयात, निर्मिती, विक्री आणि बाळगणे यांवर नियंत्रण घालणारा अधिनियम केला. लोक त्याला हत्यारबंदीचा कायदा म्हणू लागले. दक्षिणेकडील मराठा संस्थानांच्या मुलखात त्याची अंमलबजावणी होऊ लागताच असंतोष उसळला. मुधोळ संस्थानातील हलगली या गावच्या बेरडांनी आपली हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला. नोव्हेंबर १८५७ मध्ये त्यांच्यावर फौज पाठवण्यात आली, गाव जाळण्यात आले आणि अनेकांना फाशी देण्यात आले. हलगलीच्या बेरडांवरील कन्नड लावण्या त्या भागात आजही गायिल्या जातात. त्या लोकांच्या दृष्टीने हत्यार हे उपजीविकेचे आणि प्रतिष्ठेचे साधन होते. ते काढून घेणे म्हणजे माणसाला माणसातून उठवणे, अशीच त्यांची भावना होती.

१८५७ चा अधिनियम तात्पुरता होता. १८६० मध्ये त्याची जागा दुसऱ्या अधिनियमाने घेतली आणि पुढे लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा भारतीय शस्त्र अधिनियम आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लेखणी आणि हत्यार या दोन्हींवर एकाच वर्षी टाच आली. शस्त्र अधिनियमाने बंदुकीबरोबर तलवार, भाला, कट्यार यांनाही परवान्याच्या कक्षेत घेतले. त्याच वेळी युरोपियनांना मात्र परवान्यापासून सूट देण्यात आली. एकाच गावात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यास बंदुकीसाठी कोणालाही विचारावे लागत नसे आणि शेतात रानडुकरे घुसली तरी शेतकऱ्यास ठासणीची बंदूक बाळगण्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागे. वंशावर आधारलेली ही सूट १९२० च्या नियमांनी काढण्यात आली, परंतु कायद्याचा मूळ हेतू कायमच राहिला.

सातारा जिल्ह्याला तर या कायद्यातील विसंगती विशेषच जाणवत असावी. आपशिंग्यासारख्या गावांतून घरटी एक जवान सैन्यात जात असे. पहिल्या महायुद्धात या जिल्ह्यातील तरुणांनी साम्राज्यासाठी समुद्रापलीकडे बंदूक चालवली. युद्ध संपवून घरी परतल्यावर त्याच हातांना स्वतःच्या शेतात बंदूक धरण्यास परवाना लागत होता. परक्या भूमीवर विश्वासार्ह ठरलेला माणूस स्वतःच्या गावात संशयित ठरावा, हे त्या कायद्याचे खरे स्वरूप होते.

लोकनियंत्रणाची मागणी

राष्ट्रीय सभेने प्रारंभीच्या अधिवेशनांपासूनच शस्त्र अधिनियमात बदल करण्याची मागणी केली. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या ठरावात, नियम व निर्बंध यांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नमूद करण्यात आला होता. या संदर्भात महात्मा गांधींची भूमिका विशेष अभ्यसनीय आहे. अहिंसेच्या या उपासकाने संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्यापुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील एक मागणी आत्मसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत अशी होती. मात्र हे परवाने लोकनियंत्रणाच्या अधीन असावेत, अशी अटही त्यांनी घातली होती.

‘लोकनियंत्रण’ हा या सर्व इतिहासाचा कळीचा शब्द आहे. गांधीजींचा विरोध नियंत्रणाला नव्हता. ज्याला लोकांनी निवडलेले नाही आणि जो लोकांना जबाब देत नाही, अशा सत्तेने केलेल्या नियंत्रणाला तो होता.

बेचाळीसचा वणवा

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात सातारा जिल्ह्यातील तालुक्यांच्या कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे निःशस्त्र मोर्चे निघाले. २४ ऑगस्टला कराड येथे आणि ३ सप्टेंबरला तासगाव येथे मोर्चे निघाले. ९ सप्टेंबर रोजी वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तिरंगा हाती घेऊन अग्रभागी चालणाऱ्या परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूर येथील मोर्चावर गोळीबार होऊन दोघांना वीरमरण आले. हत्यारबंदीच्या कायद्याने एका बाजूस निःशस्त्र जनता आणि दुसऱ्या बाजूस बंदूकधारी सत्ता अशी जी विभागणी केली होती, तिचे भीषण दर्शन या दोन दिवसांत घडले.

यानंतर चळवळ भूमिगत झाली. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, पांडू मास्तर यांसारख्या कार्यकर्त्यांनी गावोगावी न्यायदान मंडळे चालवली आणि तुफान सेनेची उभारणी केली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवण्यात आली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पहारेकऱ्यांच्या बंदुका त्यांनी हस्तगत केल्या होत्या. पाठलागात वसंतदादांना गोळी लागली व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना प्राणास मुकावे लागले. शस्त्रे मिळवणे हे भूमिगतांपुढील मोठेच संकट होते. ब्रिटिश हद्दीत ती मिळणे दुरापास्त असल्याने कार्यकर्ते पोर्तुगीज अमलाखालील गोव्याकडे वळत आणि तेथे पकडले गेल्यास तेथील तुरुंगात पडत.

त्या काळी हा प्रदेश एकसंध नव्हता, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावयास हवी. ब्रिटिश हद्दीतील सातारा जिल्ह्याच्या पोटातच सांगली, मिरज, औंध, जत, फलटण या संस्थानांचे मुलूख विखुरलेले होते. प्रतिसरकारचे केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात होते. एका शिवारातून दुसऱ्या शिवारात पाऊल टाकले की सत्ता बदलत असे आणि तिच्याबरोबर कायद्याचा अंमलही बदलत असे. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव देण्यात आले. त्यानंतरच या सर्व गावांना एकच कायदा व एकच जिल्हा प्रशासन लाभले.

प्रतिसरकारची शस्त्रे संख्येने मर्यादित होती. त्याचे खरे बळ आश्रय देणाऱ्या घरांत, निरोप पोहोचवणाऱ्या स्त्रियांत आणि न फुटणाऱ्या गावांत होते. स्वातंत्र्य दृष्टिपथात येताच १९४६ मध्ये भूमिगत कार्यकर्ते प्रकट झाले आणि लोकशाही मार्गाने सार्वजनिक जीवनात उतरले. वसंतदादा पाटील आणि या चळवळीतून पुढे आलेले यशवंतराव चव्हाण हे दोघेही पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. नाना पाटील संसदेवर निवडून गेले. ज्यांनी परकीय कायदा मोडला, त्यांनीच स्वतंत्र देशाचे कायदे करण्याच्या कार्यात वाटा उचलला.

संविधान सभेतील निर्णय

स्वतंत्र भारताने शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्क मानावा काय, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामथ यांनी तशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्या बाजूस होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. असा हक्क सरसकट दिला तर समाजविघातक कृत्ये करणाऱ्या इसमासही तो नाकारता येणार नाही, अशी त्यांच्या उत्तराची दिशा होती. अमेरिकेच्या संविधानात १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने जो हक्क मान्य केला गेला, तो भारताने विचारपूर्वक बाजूस ठेवला. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना हाच भेद अधोरेखित केला.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संघसूचीत आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यसूचीत आहेत. म्हणून शस्त्रविषयक कायदा संसद करते आणि त्याची दैनंदिन अंमलबजावणी राज्याचे जिल्हा दंडाधिकारी व पोलीस यंत्रणा करते. दिल्लीत संमत झालेल्या कलमाला अर्थ प्राप्त होतो तो सातारा किंवा सांगली येथील जिल्हाधिकारी कार्यालयात.

१९५९ चा अधिनियम

१८७८ चा कायदा रद्द करून संसदेने शस्त्र अधिनियम, १९५९ संमत केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला आणि त्याबरोबर १९६२ चे शस्त्र नियमही लागू झाले. जुना कायदा संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, ही गोष्ट लक्षात ठेवूनच नव्या अधिनियमाची रचना करण्यात आली. बंदुका, पिस्तुले इत्यादी अग्निशस्त्रांसाठी परवाना आवश्यक ठेवला. तलवार, भाला इत्यादींसाठी मात्र केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे ज्या क्षेत्रात कलम ४ लागू केले असेल तेथेच परवान्याची आवश्यकता ठेवण्यात आली. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेली साधने ‘शस्त्र’ या संज्ञेतून वगळण्यात आली. त्यामुळे कृष्णाकाठच्या ऊसतोडणी कामगाराच्या हातातील कोयता हे कायद्याच्या दृष्टीने अवजार आहे. अर्थात त्या कोयत्याने कोणावर हल्ला केल्यास फौजदारी कायद्याच्या अन्य तरतुदी लागू होतातच. निकामी झालेली, कालबाह्य बनावटीची किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली अग्निशस्त्रेही वापरण्यायोग्य नसल्यास अधिनियमाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली.

शेतीच्या संरक्षणाचा विचारही अधिनियमात आहे. पिकांच्या रक्षणासाठी खरोखर गरज असल्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. परवाना नाकारल्यास त्याची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन कलम १४ ने अधिकाऱ्यावर घातले आणि अशा निर्णयाविरुद्ध अपिलाची सोय कलम १८ ने केली. १८७८ आणि १९५९ यांतील अंतर या दोन कलमांत नेमके दिसते. पूर्वी अधिकाऱ्याची मर्जी हाच नियम होता. आता अधिकाऱ्यालाही आपल्या निर्णयाचे उत्तर द्यावे लागते.

दुरुस्त्यांचा क्रम

अधिनियमात वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगण्यास मनाई केली, परवान्यासाठीची वयोमर्यादा सोळावरून एकवीस वर्षांवर नेली आणि शिक्षा वाढवल्या. १९८८ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्राच्या वापरामुळे मृत्यू घडल्यास फाशीचीच शिक्षा अनिवार्य केली होती. तथापि न्यायाधीशाला परिस्थितीचा विचार करण्यास वावच न ठेवणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. कायदा कठोर असावा, परंतु तो आंधळा असू नये, असा या निर्णयाचा आशय आहे.

१५ जुलै २०१६ रोजी नवे शस्त्र नियम अधिसूचित झाले. परवानाधारकांची राष्ट्रीय संगणकीय नोंद, प्रत्येकास विशिष्ट ओळखक्रमांक, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण आणि घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी या गोष्टींना त्यांनी महत्त्व दिले. शस्त्र कोणाच्या मालकीचे आहे एवढेच पाहून न थांबता ते कसे ठेवले व हाताळले जाते, याकडेही कायद्याने लक्ष वळवले.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे शस्त्र (सुधारणा) अधिनियम, २०१९. हे विधेयक २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत मांडण्यात आले. मूळ विधेयकात एका व्यक्तीस एकच अग्निशस्त्र बाळगता येईल अशी तरतूद होती. चर्चेनंतर ही मर्यादा दोन करण्यात आली. ९ डिसेंबर रोजी लोकसभेने आणि १० डिसेंबर रोजी राज्यसभेने विधेयक संमत केले. १३ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि दुसऱ्या दिवसापासून अधिनियम अमलात आला. विधेयक मांडल्यापासून कायदा होईपर्यंत अवघे दोन आठवडे लागले, परंतु एवढ्या अल्प अवधीतही लोकप्रतिनिधींच्या मतानुसार मूळ प्रस्तावात बदल झाला, ही बाब संसदीय पद्धतीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या सुधारणेतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील. दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे असणाऱ्यांनी अधिकचे शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे बंधन घालण्यात आले. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली. अग्निशस्त्रांची बेकायदा निर्मिती व विक्री यांसाठी किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवण्यात आली. पूर्वी ही शिक्षा तीन ते सात वर्षांची होती. शस्त्रांची चोरटी वाहतूक, संघटित गुन्हेगारी टोळ्यांकडून होणारे गुन्हे आणि पोलीस किंवा सशस्त्र दलाच्या जवानाकडून बळाने शस्त्र हिसकावून घेणे यांना नव्याने स्वतंत्र गुन्ह्याचे स्वरूप देऊन किमान दहा वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरवण्यात आली. लग्न, मिरवणूक अथवा विजयोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पोलिसाची बंदूक हिसकावण्याचा हा गुन्हा वाचताना सांगलीच्या तुरुंगाची आठवण कोणासही होईल. एकेकाळी ज्या कृत्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्याच प्रकारच्या कृत्याला आज एवढी कठोर शिक्षा का, असाही प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर सत्तेच्या स्वरूपात आहे. १९४३ मधील पहारेकऱ्याची बंदूक परकीय सत्तेची होती आणि ती बदलण्याचा सनदशीर मार्ग जनतेपुढे खुला नव्हता. आज पोलिसाच्या हातातील बंदूक जनतेने निवडलेल्या शासनाची आहे. त्या शासनाला प्रश्न विचारण्यासाठी न्यायालय आहे, विधानमंडळ आहे, वृत्तपत्र आहे आणि मतपेटी आहे. जेथे हे मार्ग उपलब्ध आहेत, तेथे हिसकावलेली बंदूक शासनाइतकीच शेजाऱ्याच्याही जिवावर उठते.

जगातील अनुभव

इतर लोकशाही देशांनाही या प्रश्नाने अस्वस्थ केले आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर कायदा कठोर करण्यात आला आणि शासनाने भरपाई देऊन सहा लाखांहून अधिक बंदुका लोकांकडून परत घेतल्या. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी डनब्लेन येथील शाळेत झालेल्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये खाजगी व्यक्तींच्या पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्च येथील हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच लष्करी पद्धतीच्या अर्धस्वयंचलित बनावटीच्या बंदुकांवर बंदी घातली. प्रत्येक ठिकाणी मोठी किंमत मोजल्यावर कायदा बदलला. दुर्घटनेची वाट न पाहता नियमन करणे हेच शहाणपणाचे, हा या अनुभवांचा धडा आहे.

महाराष्ट्रालाही हे दुःख अपरिचित नाही. साताऱ्याशी ज्यांचे आयुष्य व कार्य निगडित होते, ते अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे अध्वर्यू डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास गेले असता गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. या खटल्यात १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोन आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली व तिघांची निर्दोष मुक्तता केली. न्यायालयाचा निकाल लागण्यास जवळजवळ अकरा वर्षे लागली, पण आयुष्यभर लोकांशी संवाद साधणारा एक माणूस काही क्षणांत नाहीसा झाला. विचारांची लढाई विचारांनी लढण्याची महाराष्ट्राची परंपरा आहे. पिस्तूल ती परंपराच खंडित करते.

जिल्हा पातळीवरील अंमलबजावणी

परवान्यासाठीचा अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. अर्जदाराची वर्तणूक, पूर्वेतिहास आणि शस्त्राची खरी गरज यांबाबत पोलिसांचा अहवाल मागवला जातो. बँका, साखर कारखाने आणि सहकारी संस्थांच्या सुरक्षेसाठी काम करणारे माजी सैनिक, एकाकी वस्तीवर राहणारे शेतकरी आणि मोठ्या रकमांची ने-आण करणारे व्यावसायिक यांच्या गरजा भिन्न असतात. त्यांचा विचार प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे करावा लागतो. शेजाऱ्याकडे बंदूक आहे म्हणून आपल्याकडेही असावी, हे कारण कायद्यास मान्य नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना आणखी एक तरतूद ठाऊक असली पाहिजे. कोयना व चांदोली ही अभयारण्ये १९८५ मध्ये घोषित झाली. चांदोलीस २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये या दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपले नाव वन्यजीव विभागाकडे नोंदवणे बंधनकारक आहे. या पट्ट्यात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतील अनेक गावे अशा क्षेत्राच्या लगत आहेत. रानडुकरे व गवे यांच्यामुळे पिकांचे होणारे नुकसान ही तेथील शेतकऱ्याची खरी अडचण आहे. परंतु पीक राखण्यासाठी मिळालेला परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, हे त्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

सण, यात्रा आणि निवडणुका या काळात प्रशासनास अधिक दक्ष राहावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश काढले जातात. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांच्या प्रकरणांची छाननी करून आवश्यकतेनुसार शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात व निवडणूक आटोपल्यावर परत दिली जातात. हा परवानाधारकावरील अविश्वास नाही. मतदाराला निर्भयपणे मतदान करता यावे, यासाठीची ती दक्षता आहे.

वारसांनी घ्यावयाची काळजी

या दोन्ही जिल्ह्यांत पिढ्यान् पिढ्या जपलेल्या दुनळी बंदुका अनेक घरांत आहेत. परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलाची झाली, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. घर आणि जमीन वारसाने मिळते, परवाना मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर किंवा परवान्याची मुदत संपल्यानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कलम २१ नुसार आवश्यक आहे. वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा आणि तो मंजूर झाल्यावरच शस्त्र ताब्यात घ्यावे. वारसाने आलेल्या शस्त्रांनाही दोनची कमाल मर्यादा लागू आहे. वडिलांची आठवण म्हणून माळ्यावर ठेवलेली बंदूक मुलाला आरोपी बनवू शकते, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे.

परवान्याच्या बंदुकीपेक्षा मोठा धोका आहे तो गावठी कट्ट्यांचा. चोरट्या मार्गाने येणारी ही पिस्तुले कोणत्याही नोंदवहीत नसतात. ती बाळगणारा तरुण अनेकदा सराईत गुन्हेगार नसतो. गावातील वजन, मित्रमंडळींतील दरारा किंवा भ्रमणध्वनीवर टाकण्यासाठी काढलेले छायाचित्र एवढ्याच मोहापायी तो ते जवळ ठेवतो. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगणे हाच गुन्हा आहे. त्यातून गोळी सुटली नाही तरी शिक्षा टळत नाही, हे त्या तरुणाला आणि त्याच्या आईवडिलांना वेळीच समजले पाहिजे. शिक्षा झालेल्या तरुणाची सैन्यात किंवा पोलीस दलात भरती होण्याची वाट कायमची बंद होऊ शकते. ज्या जिल्ह्यांत घरोघरची मुले पहाटे उठून भरतीसाठी धावण्याचा सराव करतात, तेथे हे नुकसान तुरुंगवासाहून लहान नाही.

नागरिकांचे कर्तव्य

शस्त्र अधिनियमाच्या कलम ३६ ने एक महत्त्वाचे कर्तव्य प्रत्येक व्यक्तीवर सोपवले आहे. या अधिनियमाखालील गुन्हा घडल्याचे ज्यास समजले असेल, त्याने वाजवी कारण नसल्यास ती माहिती नजीकच्या पोलीस ठाण्यात दिली पाहिजे. पोलीस पाटील, सरपंच, शिक्षक, तंटामुक्ती समितीचे सदस्य आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांना या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा भावकीतून निर्माण झालेला तंटा शस्त्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी गावाला त्याची कुणकुण लागलेली असते. त्याच वेळी वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली तर अनेक घरे उद्ध्वस्त होण्यापासून वाचतील.

प्रतिसरकारच्या काळात या भागातील गावे परकीय पोलिसांपुढे मौन पाळत. ते मौन देशासाठी होते आणि त्यामागे धैर्य होते. आज गावठी कट्टा बाळगणाऱ्याविषयी पाळलेले मौन भीतीतून येते आणि त्याची किंमत गावालाच मोजावी लागते. गांधीजींनी मागितलेले लोकनियंत्रण संसदेने कायद्याच्या रूपाने दिले आहे. जिल्हा कचेरीतील नोंदवही आणि पोलीस ठाण्यातील अंमलदार ते निम्मेच पार पाडू शकतात. उरलेले निम्मे गावाच्या हाती आहे. वडूज आणि इस्लामपूर येथे निःशस्त्र हातांनी बंदुकीसमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवणाऱ्या या भूमीला ते कार्य अवघड वाटू नये.